विश्लेषण : मलकापूरच्या रुळांत मँगनीज, मग जमिनीत का नाही? जुन्या खाणींतील धातूचे गणित नेमके काय?

मलकापूर : मुंबई-नागपूर लोहमार्गावरील मलकापूर स्थानकातून दिवसरात्र गाड्या धावतात. ज्या पोलादी रुळांवरून त्या धावतात, त्या पोलादात साधारण एक टक्का मँगनीज असते. मुख्य मार्गावरील ‘६० किलो’ प्रकारच्या रुळाचे वजन मीटरला सुमारे ६० किलो भरते. म्हणजे एका मार्गाच्या दोन रुळांत मिळून, दर किलोमीटरला सुमारे १.२ टन मँगनीज झाले.

मलकापूर तालुक्यात मात्र मँगनीजची एकही खाण नाही. महाराष्ट्रातील मँगनीजच्या जुन्या खाणी आहेत त्या विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत. त्यांतील काही शंभर वर्षांहून जुन्या आहेत. आजही त्यांतून धातू निघतो आणि एकेकाळी टाकाऊ म्हणून बाजूला टाकलेल्या दगडाकडे नव्याने पाहिले जाते.

एकाच विदर्भात एकीकडे खाणी आणि दुसरीकडे काहीच नाही, असे का? जुनी खाण ‘संपली’ म्हणजे नेमके काय होते? आणि ‘अमुक लाख टन साठा सापडला’ अशी बातमी मोबाइलवर आली, तर तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा? समजून घेऊ या.

थोडक्यात महत्त्वाचे

• दगडात धातू असणे आणि तो दगड खाणीच्या कामाचा असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

• नागपूर-भंडारा पट्ट्यातील मँगनीजचे खडक मलकापूरखालच्या काळ्या दगडापेक्षा किमान १५ पट जुने आहेत.

• खाण ‘संपते’ ती बहुतेक वेळा धातू संपल्याने नव्हे, तर काढणे परवडत नाही म्हणून. भाव आणि तंत्र बदलले की गणितही बदलते.

• साठ्याच्या बातमीत केवळ टन पाहू नयेत. प्रत, खनिज आणि खोली हे तिन्ही पाहावे.

मलकापूरच्या जमिनीखाली काय आहे?

मलकापूर नळगंगेच्या काठी, पूर्णेच्या खोऱ्यात वसले आहे. येथे वर काळी माती आणि नद्यांनी आणून टाकलेला गाळ आहे. पूर्णेच्या खोऱ्यात हा गाळ काही ठिकाणी शेकडो मीटर जाड आहे. याच गाळाच्या प्रदेशात बुलडाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील खारपाणपट्टा येतो. गाळाखाली आहे तो काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून निघालेला लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. महाराष्ट्राचा बहुतांश भाग या लाव्हाने झाकला आहे. त्याच्याखाली जुने खडक असतीलही, पण ते शेकडो मीटर कातळाखाली दबलेले आहेत. तेथवर पोहोचून काही काढणे आजच्या हिशेबात बसत नाही.

मग या बेसाल्टमध्ये धातू नाहीच का? तर आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये वजनाच्या सुमारे १० टक्के लोह असते. थोडे टायटेनियम असते. मँगनीजही असते, पण साधारण ०.१५ टक्के. तरीही कोणी बेसाल्ट वितळवून लोखंड काढत नाही. रस्त्यासाठी आणि रुळांखाली टाकायला त्याची खडी तेवढी केली जाते. सरकारी भाषेत हे ‘गौण खनिज’ ठरते.

बुलडाणा जिल्ह्यात खनिजाचा जुना इतिहास आहे तो लोणारचा. बेसाल्टमध्ये अशनी आदळून तयार झालेल्या या सरोवरातून पूर्वी क्षार काढले जात. काच आणि साबणाच्या कामी ते येत. पण तो सोड्याचा व्यवहार होता, धातूचा नव्हे.

मग पूर्व विदर्भात मँगनीज कोठून आले?

नागपूरच्या पुढे गेले की लाव्हाचे आवरण संपते आणि जुने खडक उघडे पडतात. नागपूर, भंडारा आणि मध्य प्रदेशातील बालाघाट, छिंदवाडा असा सुमारे २०० किलोमीटर लांबीचा मँगनीजचा पट्टा धनुष्यासारखा पसरला आहे. या खडकांना भूवैज्ञानिक ‘सौंसर गट’ म्हणतात. मध्य प्रदेशातील सौंसर गावावरून हे नाव पडले.

हे खडक १०० कोटी वर्षांहून जुने आहेत. तेव्हा येथे समुद्र होता. मँगनीजचा एक गुण असा की, ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात ते विरघळलेले राहते. असे पाणी ऑक्सिजन असलेल्या उथळ भागात आले की मँगनीजची ऑक्साइड तयार होतात आणि तळाशी बसतात. वाळू आणि चिखलाच्या थरांमध्ये मँगनीजचे थर असेच साचत गेले.

पुढे हा सगळा तळ भूगर्भात खोल दाबला गेला, तापला, घड्या पडून उभा-आडवा झाला. वाळूचा कठीण क्वार्ट्झाइट झाला, चिखलाचा अभ्रकयुक्त शिस्ट झाला. जेथे मँगनीजचा थर शुद्ध होता, तेथे ब्राउनाइटसारखी धातूने समृद्ध खनिजे तयार झाली. जेथे मँगनीजमध्ये वाळू आणि चिखल मिसळला होता, तेथे वेगळाच खडक बनला. गार्नेट आणि क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, यांचे ते मिश्रण.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी या खडकाला ‘गोंडाइट’ नाव दिले. मध्य प्रांतातील गोंड समाजावरून दिलेले हे नाव आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे. भारतातील मँगनीजच्या साठ्यांवरील फर्मोर यांचा सविस्तर ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. या पट्ट्यावर काम करणाऱ्यांना तो आजही चाळावा लागतो.

म्हणजे मँगनीजच्या एकाच पट्ट्यात दोन प्रकारचा दगड शेजारी शेजारी सापडतो. एक खाणीच्या कामाचा आणि दुसरा वरवर तसाच काळपट दिसणारा, पण फारसा उपयोग नसलेला. जुन्या खाणींचे सारे गणित या फरकावर उभे आहे.

दगडात धातू आहे, तरी तो ‘धातुक’ का नाही?

ज्या दगडातून धातू काढणे परवडते, त्याला धातुक म्हणतात. ‘परवडते’ हा यातला कळीचा शब्द. कोणत्या खनिजात धातू किती, हे रासायनिक सूत्रावरून काढता येते. अगदी शुद्ध खनिज धरले तर आकडे असे येतात :

• पायरोलुसाइट (मँगनीज डायऑक्साइड) : सुमारे ६३ टक्के मँगनीज

• ब्राउनाइट : सुमारे ६३ टक्के

• रोडोक्रोसाइट (मँगनीज कार्बोनेट) : सुमारे ४८ टक्के

• रोडोनाइट (मँगनीज सिलिकेट) : सुमारे ४२ टक्के

• स्पेसर्टाइन (मँगनीजचे गार्नेट) : सुमारे ३३ टक्के

पायरोलुसाइट कितीही शुद्ध मिळाले तरी ६३ टक्क्यांच्या वर जात नाही. कारण उरलेले ३७ टक्के वजन ऑक्सिजनचे असते. त्यामुळे प्रत्यक्ष खाणीतून ४५ ते ४८ टक्के मँगनीज असलेला दगड निघाला, तर तो उत्तम मानला जातो.

आता गोंडाइट पाहू. त्यात वजनाने निम्मे स्पेसर्टाइन आणि निम्मी गारगोटी धरली, तर मँगनीज साधारण १६ ते १७ टक्के भरते. हा आकडा अगदीच लहान नाही. सोन्याच्या खाणीत तर टनामागे काही ग्रॅम सोने असले तरी चालते, आणि टनाला एक ग्रॅम म्हणजे ०.०००१ टक्का.

पण सोने मोकळे किंवा सोडवता येईल अशा रूपात असते आणि त्याचा भाव प्रचंड असतो. मँगनीज स्वस्त, आणि गार्नेटमध्ये ते सिलिका व अ‍ॅल्युमिनियमसोबत घट्ट बांधलेले. ते सोडवायला लागणारी वीज आणि कोक यांचा खर्च धातूच्या किमतीच्या पुढे जातो. म्हणून टक्के किती, या प्रश्नाला जोडूनच दुसरा प्रश्न येतो : धातू आहे, पण कोणत्या खनिजात?

एक किलोमीटर रुळासाठी किती दगड लागेल?

हा फरक समजण्यासाठी मलकापूरच्या रुळांकडे परत येऊ. एक किलोमीटर मार्गातील १.२ टन मँगनीज मिळवायचे आहे. प्रक्रियेत होणारी घट बाजूला ठेवून केवळ कागदावरचा हिशेब केला, तर :

• ४६ टक्के प्रतीचे धातुक : सुमारे २.६ टन

• साडेसोळा टक्क्यांचा गोंडाइट : सात टनांहून अधिक

• मलकापूरखालचा बेसाल्ट : सुमारे ८०० टन

अडीच टन दगड एका लहान ट्रकमध्ये मावतो. ८०० टनांसाठी ट्रकची रांग लावावी लागेल, शिवाय तेवढा कातळ फोडून, दळून, वितळवून उरलेला जवळपास सगळा मळ कोठेतरी टाकावा लागेल. जमिनीत धातू असूनही मलकापूरला खाण का नाही, याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

जुन्या काळी केवळ चांगला दगडच का उचलला?

मध्य प्रांतात मँगनीजचे खाणकाम सुरू झाले ते एकोणिसावे शतक संपता संपता. ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश संस्था १८९६ मध्ये उभी राहिली. पुढे तिची ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाली. रामटेक परिसरातील मनसर, कांद्री, तुमसर तालुक्यातील चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि बालाघाटकडील भरवेली या खाणींची नावे तेव्हापासूनची.

दगड निघत होता नागपूर-भंडाऱ्यात आणि पोलादाच्या भट्ट्या होत्या युरोपात. लोहमार्ग नागपूरला १८६७ मध्येच पोहोचला होता. त्यामुळे मुंबई बंदराकडे जाणारे मँगनीज अकोला, मलकापूर, भुसावळ याच वाटेने गेले. १९३३ मध्ये विशाखापट्टणम बंदर खुले झाल्यावर पूर्वेकडची जवळची वाट मिळाली.

आता मालवाहतुकीचा हिशेब पाहा. ४८ टक्के प्रतीच्या दगडाच्या १०० वाघिणी भरल्या, तर ४८ वाघिणींचा धातू जातो. २५ टक्के प्रतीच्या दगडाच्या तेवढ्याच वाघिणी भरल्या, तर भाडे तेवढेच पडते, पण ७५ वाघिणींत ऑक्सिजन, गारगोटी आणि इतर मळ जातो. वर जहाजाचे भाडे वेगळे. त्यामुळे दगड हातोड्याने फोडायचा, हाताने निवडायचा, काळा जड तुकडा वाघिणीत आणि बाकीचा उतारावर, अशी रीत पडली. निवडीच्या या कामात स्त्रिया मोठ्या संख्येने असत.

या रीतीमुळे तीन ठिकाणी धातू मागे राहिला. पहिले, खाणीशेजारच्या ढिगाऱ्यांत. दुसरे, भूमिगत खाणीत छत तोलण्यासाठी सोडलेल्या दगडी खांबांत. तिसरे, त्या काळच्या पंपांना आणि यंत्रांना जिथवर उतरणे परवडले, त्याच्या खाली.

२२ जून १९६२ रोजी ‘मॉइल’ ही कंपनी स्थापन झाली. सुरुवातीला ४९ टक्के हिस्सा जुन्या ब्रिटिश कंपनीकडे होता, तो १९७७ मध्ये घेण्यात आला. नागपूरला मुख्यालय असलेल्या या सरकारी कंपनीने २०२३-२४ मध्ये १७.५६ लाख टन मँगनीज धातुकाचे उत्पादन केले. तिची बालाघाट खाण ४०० मीटरहून अधिक खोल गेली आहे. शंभर वर्षे खोदूनही खाण चालू राहते ती अशी.

मग खाण ‘संपली’ म्हणजे काय?

प्रत्येक खाणीत एक उंबरठा ठरलेला असतो. त्याला ‘कट-ऑफ ग्रेड’ म्हणतात. त्याहून अधिक टक्के असलेला दगड कामाचा, कमी असलेला टाकाऊ. हा उंबरठा निसर्गाने आखलेला नसतो. धातूचा भाव, विजेचा दर, वाहतूक, तंत्र आणि कायदा यांवर तो ठरतो. भाव वाढला की उंबरठा खाली येतो आणि कालचा टाकाऊ दगड आज साठ्यात मोजला जातो.

गोव्याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेथे अनेक वर्षे उच्च प्रतीचे लोहखनिज निर्यात झाले आणि कमी प्रतीचा माल ढिगाऱ्यांत राहिला. २००० नंतरच्या दशकात चीनची मागणी वाढली आणि हाच माल जहाजांत भरला जाऊ लागला. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. तेव्हापासून हे ढिगारे कोणाचे, ते विकायचे कोणी, हा वाद राज्याच्या राजकारणात कायम आहे. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइट प्रकारच्या लोहखनिजासाठी किमान ४५ टक्के लोह हा उंबरठा ठरवला आहे. ४५ टक्क्यांचा दगड खाणमालकाने नको म्हणून फेकला तरी कायद्याच्या दृष्टीने ते खनिजच असते.

दुसरे उदाहरण कर्नाटकातील कोलारचे. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या तेथील सोन्याच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाल्या. सोने संपले म्हणून नव्हे, तर ते काढण्याचा खर्च त्याच्या किमतीच्या पुढे गेला म्हणून. त्यानंतर सोन्याचा भाव अनेक पटींनी वाढला. आता तेथील सुमारे ३.३ कोटी टन गिरणीच्या गाळातून उरलेले सोने काढण्याचा विचार सुरू आहे. त्यासंबंधीच्या केंद्राच्या प्रस्तावाला कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये संमती दिली.

ढिगाऱ्यातून मँगनीज काढणे सोपे आहे का?

नाही. आणि येथेच अनेक आकर्षक आकडे कोसळतात.

पहिली अडचण वजनाची. जड खनिज पाण्याच्या धक्क्याने खाली बसते आणि हलके वर राहते, या तत्त्वावर ‘जिगिंग’ ही जुनी पद्धत चालते. ब्राउनाइट पाण्याच्या पावणेपाच पट जड, गारगोटी २.६५ पट. या दोघांना वेगळे करणे सोपे. पण गार्नेट भरते ४.२ पट. ते ब्राउनाइटच्या मागोमाग खाली येते. म्हणून गारगोटी मिसळलेला ढिगारा सुधारता येतो, गोंडाइटचा ढिगारा सहजासहजी सुधारत नाही. मग दगड बारीक दळणे आणि चुंबकाचा वापर असे पुढचे, अधिक खर्चिक उपाय करावे लागतात.

दुसरी अडचण फॉस्फरसची. पोलादात फॉस्फरस वाढला की ते ठिसूळ होते. मँगनीजच्या दगडातून भट्टीत फेरोमँगनीज हा मिश्रधातू तयार करतात. त्यात सुमारे तीन चतुर्थांश मँगनीज असते. एक टन मिश्रधातूसाठी दोन टनांहून अधिक दगड लागतो आणि दगडातील बहुतेक फॉस्फरस धातूतच उतरतो. म्हणजे दगडात किरकोळ वाटणारे प्रमाण मिश्रधातूत दुपटीहून अधिक होते. यासाठी खरेदीदार मँगनीजच्या टक्क्यांसोबत लोह, सिलिका आणि फॉस्फरस यांचे आकडेही मागतो.

तिसरी अडचण भेसळीची. समजा, ४५ टक्के प्रतीचा थर दोन मीटर जाड आहे. यंत्र उतरवण्यासाठी शेजारचा एक मीटर बिनधातूचा खडकही खोदावा लागला. दोन्हींची घनता सारखी धरली, तर वर येणाऱ्या दगडाची सरासरी प्रत ३० टक्क्यांवर येते. कागदावर साठा तेवढाच राहतो, पण हातात येणारा माल बदलतो.

याउलट काही ठिकाणी निसर्गानेच मदत केली आहे. जमिनीजवळच्या भागात पावसाचे पाणी आणि हवा हजारो-लाखो वर्षे झिरपत राहिली. त्यामुळे मूळ खनिजांचे रूपांतर मँगनीज डायऑक्साइडमध्ये झाले. भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण अशा डायऑक्साइडसाठी ओळखली जाते. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जी काळी पूड असते, ती याच पदार्थाची. पशुखाद्य आणि खतांतील सूक्ष्म अन्नद्रव्यासाठीही तेथील माल वापरला जातो.

साठा मोजतात कसा?

खाणीच्या तोंडाशी पडलेला चमकदार तुकडा उचलून प्रयोगशाळेत दिला, तर उत्तर हमखास चांगले येते. कारण माणूस चांगलाच तुकडा उचलतो. म्हणून ठरावीक अंतरावर भोके पाडून, खालच्या खडकाचे लांब गोल नमुने काढले जातात. त्याचे ठरावीक लांबीचे तुकडे करून प्रत्येकाचे पृथक्करण होते.

शोधाचे टप्पे ठरलेले आहेत. ‘जी-४’ म्हणजे प्राथमिक पाहणी, ‘जी-३’ आणि ‘जी-२’ म्हणजे क्रमाने अधिक भोके व अधिक खात्री, आणि ‘जी-१’ म्हणजे सविस्तर शोध. ‘जी-४’ टप्प्यातला आकडा हा अंदाज असतो. बातम्यांत मात्र तो अनेकदा ठाम साठा म्हणून छापला जातो.

‘संसाधन’ आणि ‘साठा’ या शब्दांतही फरक आहे. जमिनीत असण्याची शक्यता असलेले सारे खनिज म्हणजे संसाधन. आजच्या भावात, आजच्या तंत्राने, कायदेशीर परवानगीसह काढता येईल तेवढाच साठा. पहिला आकडा नेहमी मोठा असतो.

आताच एवढी चर्चा का?

मँगनीजचा सुमारे ९० टक्के वापर पोलाद उद्योगात होतो. ते पोलादातील घातक गंधक बांधून ठेवते आणि धातूला चिवटपणा देते. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये १२-१३ टक्के मँगनीजचे पोलाद तयार केले. ठोके बसतील तसे ते पृष्ठभागावर अधिक कठीण होत जाते. रूळ एकमेकांना छेदतात तेथील ‘क्रॉसिंग’ आजही अशाच पोलादाचे ओततात. मलकापूरच्या यार्डात गाडी मार्ग बदलताना जेथे खडखडाट होतो, ती जागा हीच.

देशात पोलादाचे उत्पादन वाढत आहे आणि मँगनीज धातुकाची आयातही मोठी आहे. त्यात विजेवरील वाहनांच्या बॅटऱ्यांची भर पडली. लिथियम बॅटरीच्या अनेक प्रकारांत मँगनीज लागते, तेही अतिशुद्ध रूपात. ही शुद्धीकरणाची क्षमता जगात प्रामुख्याने चीनकडे आहे. अमेरिका आणि युरोपीय संघाने मँगनीजला कळीच्या खनिजांच्या यादीत घेतले. भारताच्या २०२३ च्या ३० कळीच्या खनिजांच्या यादीत मात्र ते नाही. देशातच त्याच्या खाणी चालू आहेत. प्रश्न आहे तो चांगल्या प्रतीचा आणि शुद्धीकरणाचा.

खाणीशेजारच्या गावांचे काय?

जुना ढिगारा पुन्हा खोदायचा म्हणजे धूळ पुन्हा उडणार. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेली तर मेंदूवर परिणाम होतो. चालण्यात अडखळणे, हात थरथरणे अशी लक्षणे दिसतात. स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हा आजार १८३७ मध्येच नोंदवला गेला होता. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात मँगनीजची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे.

दुसरी बाजू पैशांची. २०१५ च्या कायदा दुरुस्तीनंतर खाणबाधित जिल्ह्यांसाठी ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ निधी आला. त्यात जुन्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावात दिलेल्या पट्ट्यांनी १० टक्के रक्कम जादा भरायची असते. हा पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांवर प्राधान्याने खर्च व्हावा, असे अपेक्षित आहे. खाण नव्याने चालू होताना गावाने विचारायचा प्रश्न रोजगार किती, एवढाच नसतो. धूळ कोण रोखणार, विहिरीचे पाणी कोण तपासणार आणि निधी कोठे खर्च झाला, हेही त्यात येते.

मलकापूरकरांनी काय लक्षात ठेवावे?

विहीर किंवा पाया खोदताना काळ्या कातळाच्या पोकळीत पांढरे, हिरवट, चमकणारे स्फटिक सापडतात. ते बहुतेक वेळा झिओलाइट किंवा गारगोटीच्या वर्गातले असतात. दिसायला देखणे, संग्राहकांना हवे असलेले, पण धातूच्या दृष्टीने त्यांना किंमत नाही. ‘शेतात मौल्यवान धातू आहे’ असे सांगून तपासणीसाठी आगाऊ पैसे मागणारा कोणी आला, तर प्रथम खडक कोणता हे विचारावे.

खात्री करण्याचे मार्ग खुले आहेत. भारतीय खाण ब्युरो आणि राज्याचे भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय, दोन्हींची मुख्यालये नागपुरात आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ या संकेतस्थळावर देशाचे भूशास्त्रीय नकाशे पाहता येतात. ब्युरोचे खनिज वार्षिकही सर्वांसाठी उपलब्ध असते.

पुढच्या वेळी ‘जुन्या खाणीत लाखो टन धातू’ अशी बातमी दिसली, तर चार गोष्टी शोधाव्यात. प्रत किती टक्के? धातू ऑक्साइडमध्ये आहे की सिलिकेटमध्ये? किती खोलीवर आणि शोधाच्या कोणत्या टप्प्यावरचा आकडा? काढल्यावर उरलेला दगड कोठे जाणार? या चारपैकी एकाचेही उत्तर बातमीत नसेल, तर तेथे केवळ दगडाचे वजन सांगितले आहे, धातूचे नव्हे.